आकड्याच्या मुळापर्यंत किती पावलं? कारखान्यासाठी रिपोर्टिंग टूल निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी आणि चाकण अशी दोन युनिट, मिळून पावणेदोनशे माणसं, वाहन उद्योगासाठी मशिनिंग केलेले सुटे भाग. ईआरपी (बिलं, खरेदी, साठा यांचं एकत्र सॉफ्टवेअर) म्हणून एसएपी बिझनेस वन, तेही मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर. उत्पादनाच्या नोंदी मात्र अजून पाळी संपल्यावर सुपरवायझर एक्सेलमध्ये करतो. मालकांनी एका प्रदर्शनात रंगीत डॅशबोर्ड बघितला आणि तुम्हाला पंधरा दिवसांत टूल ठरवायला सांगितलं. पॉवर बीआय, टॅब्लो, क्रिस्टल रिपोर्ट्स आणि मेटाबेस यांतलं कोणतं घ्यावं?

आधी उत्तर, मग कारणं. छपाईचे कागद आणि रोजच्या याद्या आहेत तिथेच, म्हणजे क्रिस्टल आणि बिझनेस वनच्या क्वेरींमध्ये (डेटाबेसला विचारायच्या तयार प्रश्नांमध्ये) ठेवा. अकाउंट्स आणि प्लॅनिंगला एक्सेल द्या, पण ते थेट डेटाबेसला जोडलेलं. मालक, प्लांट हेड आणि विभागप्रमुख अशा दहा-बारा जणांसाठी पॉवर बीआय. टॅब्लो नको. मेटाबेस चांगलं आहे, पण तुमच्या परिस्थितीत नको. ते का, ते पुढे येतं.

टूल कोणतंही असो, मी एकच गोष्ट बघतो. पडद्यावरचा आकडा चुकीचा वाटला, तर त्याच्या मुळाशी असलेल्या चलनापर्यंत (माल पाठवतानाचा कागद) किंवा बिलापर्यंत किती पावलांत जाता येतं? दोन पावलांत जाता आलं तर टूल टिकतं. 'कन्सल्टंटला फोन करतो' असं उत्तर आलं, तर तो डॅशबोर्ड वर्षभरात बंद पडतो. कारखान्यात आकडा चुकीचा वाटण्याचा प्रसंग रोजचा आहे. अर्ध्या वेळा आकडा बरोबर असतो आणि माणसाचा अंदाज चुकलेला असतो, पण तेही पटवून द्यायला मूळ कागद दाखवावाच लागतो.

हे मी ठेच खाऊन शिकलो. तुमच्यासारख्याच एका कारखान्यात मी डॅशबोर्ड बसवला होता. पहिल्याच सोमवारच्या मीटिंगमध्ये माझ्या पडद्यावर महिन्याची विक्री ४ कोटी ७२ लाख, आणि अकाउंट्सच्या कागदावर ३ कोटी ९० लाख. अकाउंट्सवाले साहेब काही बोलले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले. फरक शोधायला मला तीन दिवस लागले, कारण मी डेटा महिन्यावार बेरजा करूनच आत घेतला होता. बिल नंबर कुठे उरलाच नव्हता. कारणं दोन निघाली. एक, मी बिलाच्या मुख्य टेबलातला एकूण रकमेचा कॉलम उचलला होता आणि त्यात जीएसटी धरलेला असतो. त्यांच्या मालाला १८ टक्के, म्हणजे ३ कोटी ९० लाखांचे तिथेच ४ कोटी ६० लाख झाले. दोन, पाच लाखांचं एक बिल रद्द केलं होतं. बिझनेस वनमध्ये बिल रद्द केलं की मूळ बिल पुसलं जात नाही. त्याच्या शेजारी रद्द करणारं दुसरं कागदपत्र तयार होतं, आणि दोन्ही त्याच टेबलात धन रकमेनेच बसतात. फक्त 'कॅन्सल्ड' या कॉलमात एकापुढे 'वाय' आणि दुसऱ्यापुढे 'सी' असं अक्षर येतं. ते गाळलं नाही, तर रद्द झालेलं बिल दोनदा मोजलं जातं. करासकट ५ लाख ९० हजार दोनदा, म्हणजे ११ लाख ८० हजार. झाला हिशेब पुरा.

चूक दुरुस्त झाली, पण मालकांनी तो पडदा पुन्हा मनापासून उघडला नाही. वर्षाची लायसन्स पडून राहिली.

आता हीच कसोटी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या गोष्टींना लावून बघा. बिझनेस वनच्या क्वेरीच्या निकालात कागदाच्या नंबराशेजारी तो नारिंगी बाण येतो ना? तो दाबला की थेट बिल उघडतं. एक पाऊल. (एसक्यूएल आवृत्तीत क्वेरीच्या शेवटी 'फॉर ब्राउझ' लिहावं लागतं, ते न लिहिल्यामुळे बाण येत नाही, आणि लोक 'आमच्याकडे ही सोयच नाही' असं समजून बसतात.) दिसायला ही क्वेरी ओबडधोबड असेल, पण स्टोअर्सच्या माणसाचा तिच्यावर विश्वास असतो तो याच बाणामुळे.

एक्सेलचंही तसंच. पिव्होटमधल्या (बेरजांच्या तक्त्यातल्या) कुठल्याही आकड्यावर दोनदा क्लिक केलं, की त्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात. अकाउंट्सवाले एक्सेल सोडत नाहीत म्हणून आयटीवाले नाक मुरडतात, पण त्यांच्या हट्टामागे हे कारण आहे. एक्सेलमध्ये खोट आहे ती दुसरीकडे: डेटा कॉपी-पेस्ट करून आणला जातो, मग 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल खरी' अशा फायली तयार होतात. त्याला औषध पॉवर क्वेरी, म्हणजे डेटा थेट खेचून आणणारी सोय. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे. डेटाबेसवर एक व्ह्यू (तिथेच जपून ठेवलेली क्वेरी) बनवा, एक्सेल त्याला जोडा, रोज सकाळी रिफ्रेश. पेस्ट करणं बंद.

'पण आमचा डेटा खूप आहे, एक्सेल झेपेल का?' असं कुणी म्हणालं, तर कागदावर गुणाकार करा. दिवसाला ४० बिलं, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२ हजार बिलं. बिलात सरासरी तीन ओळी धरल्या तर ३६ हजार. दहा वर्षांच्या मिळून ३ लाख ६० हजार ओळी, आणि एक्सेलच्या एका शीटवर १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात. भोसरीतल्या मध्यम कारखान्याला बिग डेटाचं भय दाखवणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो. याच गुणाकाराचा दुसरा अर्थ असा, की पॉवर बीआयमध्येही बेरजा करून डेटा आत घ्यायची तुम्हाला गरज नाही. बिलाची प्रत्येक ओळ, बिल नंबरासकट, आत घ्या. मग 'ड्रिल थ्रू'चं पान बनवलं की महिन्याच्या खांबावरून बिलांच्या यादीवर जाता येतं. दोन पावलं.

डॅशबोर्ड बाजूला ठेवून तुमच्याकडून लोक रोज काय मागतात ते आठवा. निम्म्याहून जास्त मागण्या याद्यांच्याच असतील. उदाहरणार्थ, प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला बाहेर गेलेला माल. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. म्हणजे 'अमुक प्लेटरकडे या पार्टचे ४,२०० नग' हा आकडा अपुरा आहे. कोणत्या चलनाचे किती नग, आणि त्या चलनाला किती दिवस झाले, हे हवं. आयटीसी-०४ (जॉबवर्कचं जीएसटी विवरण) भरतानाही चलनच लागतं. या यादीचा गोल तक्ता काढून कुणाचंही भलं होत नाही.

दुसरी यादी लहान पुरवठादारांच्या थकबाकीची. आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम), सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं झालं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षातच वजा मिळतो. दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. बऱ्याच ठिकाणी एजिंग रिपोर्ट (कुठलं देणं किती दिवस थकलं त्याची यादी) बिलाच्या तारखेवर चालतो, जीआरएनच्या (माल मिळाल्याच्या नोंदीच्या) तारखेवर चालत नाही. टूल बदलून हे सुटत नाही; तारखेचा कॉलम बदलून सुटतं.

आता शॉप फ्लोअर. खरी कसरत इथे आहे.

तिसरी पाळी रात्री अकराला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. पहाटे तीन वाजता बनलेला नग कोणत्या तारखेचा? प्लांटमध्ये 'उत्पादनाचा दिवस' सकाळी सात ते सात धरतात. तयार मालाच्या ईआरपीतल्या नोंदीवर मात्र ती ज्या वेळी केली त्या दिवसाची तारीख पडते. डिस्पॅचची तारीख कॅलेंडरची. हे तीन आकडे तीन विभागांचे, तिघेही बरोबर, आणि मीटिंगमध्ये तिघांचं भांडण. तुम्ही आधी कागदावर लिहून, प्लांट हेडची सही घेऊन ठरवा की उत्पादनाचा दिवस म्हणजे काय. मग प्रत्येक नोंदीत पाळी आणि उत्पादनाची तारीख असे दोन स्वतंत्र कॉलम ठेवा. पॉवर बीआय असो वा मेटाबेस, त्याला तुमच्या तिसऱ्या पाळीची कल्पना नसते.

कॅलेंडरचंही तेच. तुमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असेल, तर तुमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. पॉवर बीआय आपोआप जे तारखांचं टेबल बनवतं ते जानेवारी ते डिसेंबरचं असतं. ते बंद करा आणि स्वतःचं बनवा: एप्रिल ते मार्च, गुरुवार सुट्टी, दिवाळीचा शटडाउन, सगळं त्यात. एका दिवसाचं काम आहे, पण ते झालं नाही तर 'या आठवड्याचं उत्पादन' हा आकडा कायम कुणाला ना कुणाला खटकत राहतो. लाख-कोटींचंही तसंच, तयार एकक हजार आणि मिलियनचं मिळतं, आपलं रूप स्वतः बसवावं लागतं. मालकांना '४७.२ मिलियन' दाखवून बघा, काय ऐकायला मिळतं ते.

ओईईबद्दल (मशीनचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला ते टक्क्यांत सांगणारा आकडा) थोडं, कारण त्या प्रदर्शनातल्या डॅशबोर्डवर मोठा अर्धगोल काटा तोच असणार. उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. टीपीएमवाले (यंत्रदेखभालीची ती पद्धत चालवणारे) ज्याला जागतिक दर्जा म्हणतात ते ८५ टक्के, म्हणजे ९० गुणिले ९५ गुणिले ९९.९. त्यातला वेगाचा आकडा येतो मास्टरमधल्या (मूळ माहितीच्या यादीतल्या) सायकल टाइमवरून, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळावरून. मास्टरमध्ये ४५ सेकंद लिहिलेत, आणि नवं फिक्श्चर आल्यापासून मशीन ३८ सेकंदांत नग काढतंय, तर वेग ११८ टक्के येतो. मग उपलब्धता कितीही वाईट असो, ओईई छान दिसतो आणि सगळे खूश. मशीन बंद राहण्याची कारणं तुमच्याकडे सध्या वहीत 'इतर' या नावाने पडतात, असा माझा अंदाज आहे. ती दहा-बारा कोडमध्ये येईपर्यंत ओईईचा पडदा बनवू नका. रिजेक्शनपासून सुरुवात करा. ते नगावर मोजलेलं असतं आणि क्वालिटीकडे त्याचा कागद असतो.

आता टूल एकेक करून.

क्रिस्टल रिपोर्ट्स वयाने मोठं आहे. सीगेटकडून क्रिस्टल डिसिजन्स, २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्स, मग ती कंपनीच एसएपीने घेतली, असा त्याचा प्रवास. बिझनेस वनमध्ये ते जोडलेलंच येतं. चलन, टॅक्स इनव्हॉइस, लेबल, तपासणीचा अहवाल, जे जे छापून सही-शिक्क्याने द्यायचं ते त्यातच करा. शोधाशोध करण्यासाठी ते बनलेलं नाही, तेव्हा तशी अपेक्षाही नको.

टॅब्लोचे तक्ते देखणे असतात आणि विश्लेषक माणसाच्या हातात ते फार उत्तम चालतं. तुमच्याकडे विश्लेषक नाही. बनवणाऱ्याचं लायसन्स महिन्याला ७५ डॉलर, नुसतं बघणाऱ्याचं १५. विषय संपला.

मेटाबेसची मोफत आवृत्ती मला मनापासून आवडते. साध्या प्रश्नांसाठी एसक्यूएल लिहावं लागत नाही, रोज सकाळी ई-मेलने रिपोर्ट जातो, आणि आकड्यावर क्लिक करून ओळींपर्यंत पोचता येतं, म्हणजे माझ्या कसोटीला उतरतं. मग नको का? तो सर्व्हर तुम्हाला स्वतः सांभाळावा लागतो. जसाच्या तसा बसवला तर तुमचे प्रश्न आणि डॅशबोर्ड तो एच-टू नावाच्या आतल्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो, जो रोजच्या वापरासाठी नाहीच. त्याऐवजी पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस जोडावा लागतो. चाकणच्या माणसाला फक्त चाकणच्या ओळी दिसाव्यात ही सोय मोफत आवृत्तीत नाही. तुमच्याकडे आयटीत एकच माणूस आहे आणि तोच प्रिंटरही बघतो. उद्या लिनक्स जमणारा कुणी आलाच, तर जरूर पुन्हा विचार करा.

पॉवर बीआय. डेस्कटॉप आवृत्ती मोफत आहे, आणि सगळी फसगत इथूनच सुरू होते. बनवणं फुकट, दुसऱ्याला दाखवणं विकत. प्रो लायसन्स एप्रिल २०२५ पासून माणशी महिन्याला १० वरून १४ डॉलर झालं, आणि नुसतं बघणाऱ्यालाही ते लागतं. तीस जणांना द्यायचं ठरवलं तर वर्षाला ५,०४० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी सव्वाचार लाखांच्या वर, कर वेगळा. त्याच दराने बारा जणांना दिलं तर पावणेदोन लाखांच्या आत. म्हणूनच म्हटलं दहा-बारा जण, बाकीच्यांना याद्या. (बघणाऱ्यांना लायसन्स लागू नये असाही मार्ग आहे, पण त्यासाठी फॅब्रिक या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची एफ-६४ किंवा त्यावरची क्षमता घ्यावी लागते. तो हत्ती तुमच्या अंगणात मावणार नाही.)

प्रोमध्ये दिवसाला ठरावीक वेळी आठ रिफ्रेश मिळतात. तुम्हाला तीन पुरतात, पाळी संपली की अर्ध्या तासाने एक. 'लाइव्ह हवं' म्हणणाऱ्या साहेबांना विचारा की नोंदच पाळी संपल्यावर होते, तर लाइव्ह दिसणार काय?

तुमचा डेटाबेस कारखान्यात असल्यामुळे तिथला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारा गेटवे नावाचा प्रोग्राम एका विंडोज मशीनवर कायम चालू ठेवावा लागेल. कायम म्हणजे गुरुवारीही. गुरुवारी कुणीतरी मेन स्विच बंद करून जातं, शुक्रवारी सकाळी जुने आकडे दिसतात आणि सगळे टूलला शिव्या घालतात. हे मी दोन ठिकाणी बघितलंय. मशीन सर्व्हर रूममध्ये ठेवा, यूपीएसवर. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'डेटा केव्हाचा' ते ठळक छापा.

एक धोका मात्र जोर देऊन सांगतो. 'पब्लिश टू वेब' नावाचं बटण दिसेल. त्याने लायसन्सशिवाय कुणाच्याही फोनवर रिपोर्ट उघडतो, म्हणून लोकांना ते वरदान वाटतं. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला कुठलाही पासवर्ड न टाकता ग्राहकवार दर दिसतात. एका ठिकाणी अशी लिंक कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होती आणि ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेली तीन माणसं होती. अॅडमिन सेटिंगमध्ये ते बटण पहिल्याच दिवशी बंद करा.

मायक्रोसॉफ्टचं जुनं रिपोर्टिंग सर्व्हिसेस कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा, की २०२२ ही त्याची शेवटची आवृत्ती. एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून ते काम पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरकडे गेलंय. नव्याने त्यात शिरू नका.

कोणतंही टूल थेट चालू डेटाबेसवर सोडू नका. महिनाअखेरीला बिलिंगच्या गर्दीत जड क्वेरी लागली, की डिस्पॅचचा गाडा अडतो आणि गेटवर ट्रक उभे. स्वस्त उपाय: रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करायचा आणि रिपोर्ट त्याच्यावर चालवायचे. दुसऱ्या मशीनवरचा एसक्यूएल सर्व्हर त्याच किंवा पुढच्या आवृत्तीचा हवा. मोफत एक्सप्रेस चालतो, पण २०२२ पर्यंत त्याला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, २०२५ मध्ये ती ५० जीबी झाली. 'डेव्हलपर' आवृत्ती फुकट आहे म्हणून बसवू नका, ती प्रत्यक्ष कामासाठी वापरायला परवानगी नाही. तुमच्या एसएपी पार्टनरला (ईआरपी बसवून देणाऱ्या कंपनीला) लायसन्सच्या अटी लेखी विचारून घ्या. पाळीचे आकडे दिवसातून तीनदा हवेत तेवढ्यापुरती उत्पादनाची एक्सेल वेगळी वाचा, ती ईआरपीत नाहीच. रिपोर्टसाठीचा लॉगिन फक्त वाचण्यापुरता हवा.

व्ह्यू मात्र तुमच्या ताब्यात ठेवा. 'विक्री' म्हणजे काय (कर वगळून, रद्द बिलं गाळून, क्रेडिट नोट वजा करून) हे एकदाच व्ह्यूमध्ये लिहिलं, की एक्सेल आणि पॉवर बीआय दोघेही तिथूनच वाचतात आणि दोन आकडे निघत नाहीत. विक्रेत्याने हे गणित टूलच्या पोटात लिहून दिलं, तर पुढच्या वर्षी तुम्ही त्याच्याशिवाय हलू शकत नाही. व्ह्यू रोज रिस्टोअर होणाऱ्या डेटाबेसमध्ये बनवले तर रात्री पुसले जातील. शेजारी वेगळा डेटाबेस ठेवा आणि व्ह्यू त्यात.

डेमोला कुणाला बोलावलंत, तर त्यांच्या डेमो डेटावर काहीही बघू नका. तो स्थळाच्या बायोडेटातल्या फोटोसारखा असतो. तुमच्या बॅकअपची प्रत करारनामा करून द्या आणि तीन गोष्टी मागा: ३१ मार्चचा साठा ऑडिट झालेल्या ताळेबंदाशी जुळवून दाखवा, रद्द बिल असलेल्या महिन्याची विक्री अकाउंट्सशी जुळवा, आणि प्लेटरकडच्या कुठल्याही एका आकड्यावरून आमच्या डोळ्यांसमोर चलनापर्यंत पोचा. तिसरी गोष्ट करताना घड्याळ लावा.

पंधरा दिवसांत हे सगळं होणार नाही, आणि मालकांना ते सरळ सांगा. पंधरा दिवसांत विक्री आणि जॉबवर्कचे दोन व्ह्यू होतील आणि त्यावर दोन एक्सेल फायली चालू होतील. अकाउंट्सवाल्यांनी त्या महिनाभर वापरून 'जुळतंय' म्हटलं, की मग प्रो लायसन्स घ्या, आधी तीन-चार, महिन्याच्या हिशेबाने. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका.